छत्रीवाला राजपुत्र

माझे वडील वयाच्या चौसष्टाव्या वर्षी एका राजपुत्राच्या नादी लागले. हसा हवं तर, मीही आधी हसलेच होते.

आष्टी तालुक्यातलं आमचं गाव. कोरडवाहू जमीन, तूर आणि ज्वारी, आणि कड्याच्या बाजाराला जायचं तर जरा बरा सदरा घालून जायची पद्धत. अण्णा, म्हणजे माझे वडील, तिथले वजनदार गृहस्थ. ग्रामपंचायतीत दोनदा निवडून आलेले, भावकीतली भांडणं मिटवायला ज्यांना बोलावणं येतं असे, टोपी नीट केल्याशिवाय ओट्यावरही न येणारे. असा माणूस गेलं वर्षभर अंगणातल्या कडुलिंबाखाली बाज टाकून, भिंतीकडे तोंड करून मोबाइलवर प्रेमाचा खेळ खेळतोय. आणि त्या खेळात ते स्वतः कोण असतात? राजाच्या माळ्याची वीस वर्षांची मुलगी.

"म्हातारपणी प्रेम सुचलंय तुझ्या बापाला," आई फोनवर म्हणाली. "इतकी वर्षं माझ्याकडं कधी मान वर करून बघितलं न्हाई, आन आता त्या राजपुत्रापायी च्या थंड करून पितोय."

हा खेळ म्हणजे खरं तर वाचायची गोष्ट. पडद्यावर चित्रं बदलत जातात, खाली माणसांचं बोलणं उमटतं, आणि मध्येच गोष्ट थांबून तुम्हालाच विचारते, आता काय करू? दोन-तीन उत्तरं दिलेली असतात. एकावर बोट ठेवायचं. तुम्ही जसं बोट ठेवाल तशी गोष्ट वळते आणि शेवटी चार नायकांपैकी एक तुमचा होतो, नाहीतर कुणीच होत नाही. पुण्यात मी ज्या छोट्या ऑफिसात नोकरी करते तिथे असे खेळ तयार होतात. या खेळातला चौथा नायक मी लिहिलेला आहे. अण्णांना बाकीचे तिघे नकोत. त्यांना तोच हवा, आणि त्याचा असा शेवट हवा ज्यात तो राहतो, जात नाही. दोन-अडीच महिने ते तो शेवट शोधत होते. तसा शेवट मी लिहिलेलाच नाही, हे त्यांना सांगायची माझी हिंमत होत नव्हती.

का लिहिला नाही, ते सांगायचं तर भावापासून सुरुवात करावी लागेल.

भाऊ माझ्याहून चार वर्षांनी मोठा. कामाला वाघ, पण गावात त्याला येडंच म्हणायचे. कारणं तशी होतीच. आमच्याकडे पाऊस कसा पडतो ते सगळ्या जिल्ह्याला ठाऊक आहे, आणि हा बाबा बारा महिने छत्री घेऊन हिंडायचा. भर उन्हाळ्यात, बंद छत्री, काखेत. कुणी विचारलं तर म्हणायचा, "आला पाऊस, तर त्याला असं वाटू नाही की आपली कुणी वाट बघत नव्हतं." म्हशीची धार काढायच्या आधी तिला हात जोडायचा. जेवायला कडुलिंबावर चढायचा, तिसऱ्या फांदीवर. भाकरी फडक्यात बांधून. खाली बसलं की येणारा-जाणारा उगाच चौकशा करतो, असं त्याचं म्हणणं.

त्याने मला जन्मात कधी "कशी आहेस" असं विचारलं नाही. मी शाळेतून आले की झाडावरून आवाज यायचा, "आज कुणाशी भांडलीस?" मी तापट आहे. आई म्हणते, हिच्या वेळी मला मिरच्या निवडताना कळा सुरू झाल्या, आणखी काय होणार! रोज कुणाशी तरी वाजलेलंच असायचं, त्यामुळे सांगायला भरपूर असायचं. भाऊ झाडावरून उतरायचा, शेजारी बसायचा आणि सगळं ऐकून घ्यायचा. मध्ये एकदाही "जाऊ दे" म्हणायचा नाही. असा माणूस मला नंतर कुठे भेटला नाही.

त्याच्यासाठी घाटनांदूरकडचं एक स्थळ आलं. म्हणजे जिल्ह्याच्या या टोकाहून त्या टोकाला. भाड्याची जीप केली, भावकीतली चार वजनदार माणसं घेतली, आई आणि मी मागे. मुलगी बघायचा कार्यक्रम रीतीप्रमाणे सुरू झाला. पोहे झाले. मुलगी आली, पाटावर बसली. नाव सांग, शिक्षण सांग. मग आमच्यातल्या एका काकांनी पेपर पुढे केला, वाचून दाखव. तिने वाचलं. मग म्हणाले, जरा दारापर्यंत चालून दाखव बाई. ती दारापर्यंत गेली आणि परत आली. खाली मान घालून.

"मुलाला काही इचारायचं आसंल तर इचारू द्या," मुलीचे वडील म्हणाले.

भाऊ उठला. म्हणाला, "आता माझी पाळी." आणि दारापर्यंत चालत गेला, परत आला. काकांच्या हातातला पेपर घेतला आणि खणखणीत आवाजात सोयाबीनची बातमी वाचली. दोन्ही हात पुढे करून पालथे-उताणे दाखवले. मग त्या मुलीच्या समोर पाटावर बसला आणि आपलं पूर्ण नाव, जन्मगाव आणि बारावीचे मार्क सांगितले. छत्री काखेत होतीच.

मुलगी हसली. खरं, मनापासून हसली. पण ती एकटीच. बाकी सगळ्या माणसांचे चेहरे पोह्यात खडा लागावा तसे झाले. दोन दिवसांनी मध्यस्थाकडून निरोप आला, पोराच्या डोक्यात फरक हाय, आमी न्हाई देणार. तो निरोप आमच्या घरी पोचायच्या आधी आष्टीच्या बाजारात पोचला होता. अण्णांना ज्याच्या त्याच्याकडून तो ऐकावा लागला. ज्या माणसाने उभा जन्म चारचौघांत मान ताठ ठेवण्यात घालवला त्याची काय अवस्था झाली असेल, ते मला आज कळतं. तेव्हा कळत नव्हतं. जीपमध्ये परतताना सबंध रस्ताभर कुणी काही बोललं नाही.

पुढच्या बाजारच्या दिवशी भाऊ नेहमीसारखा अण्णांबरोबर निघाला. आमच्या गावाहून कडा चालत अर्ध्या तासावर. अण्णा दारातच थांबले आणि म्हणाले, "माझ्या संगं चालू नको. लोकाला तोंड दाखवायला जागा ठिवली न्हाईस."

भाऊ म्हणाला, "बरं."

आणि त्या दिवसापासून तो अण्णांच्या मागून चालायला लागला. दहा पावलं. संगं नाही, मागून. अण्णा थांबले की हा थांबायचा. अण्णा निघाले की हा निघायचा. बाजाराला तसंच, शेतात तसंच, लग्नाच्या मांडवातही तसंच. टोमणा त्याला कळायचा नाही म्हणून तो असं वागायचा, की चांगला कळायचा म्हणून, ते मला आजही सांगता येणार नाही. गावाला तर फुकटचा तमाशाच मिळाला. पारावरची टवाळ मंडळी अण्णांना ऐकू जाईल अशी पावलं मोजायची. अण्णा पुढे बघून चालत राहायचे.

असं तीन महिने चाललं. उसाचा हंगाम भरात होता. एका बाजारच्या दिवशी, दिवस मावळायच्या आत, दोघं कड्याहून परतत होते. अण्णा पुढे, भाऊ मागे. उसाच्या दोन ट्रॉल्या जोडलेला ट्रॅक्टर मागून आला, मोठ्याने गाणी लावलेला. त्याच्या मागच्या ट्रॉलीचा धक्का भावाला लागला. ट्रॅक्टरवाल्याला कळलं नाही. तो तसाच अण्णांच्या शेजारून पुढे निघून गेला. अण्णा चालत राहिले. गावच्या फाट्यापर्यंत आले, तेव्हा मागून मोटारसायकलवरून कुणीतरी ओरडत आलं.

मी पुण्याला शिकत होते. पोचले तेव्हा अंगण माणसांनी भरलेलं होतं, आणि बायका एकमेकींना एकच वाक्य सांगत होत्या. बापानं मागं वळून बी बघितलं न्हाई.

ते वाक्य मी सात वर्षं उराशी धरून बसले. अण्णांशी बोलणं टाकलं असं नाही. फोन करायचे. बीपीची गोळी घेतली का, तुरीला शेंगा कशा आहेत, आईचे गुडघे काय म्हणतात. त्यापलीकडे एक शब्द नाही. त्यांनीही काढला नाही.

मग ऑफिसात हा खेळ आला. आटपाट नगराची गोष्ट, माळ्याची मुलगी आणि तिचे चार नायक. सेनापती, व्यापाऱ्याचा मुलगा आणि चित्रकार असे तिघे ठरलेले होते. "चौथा जरा हटके पाहिजे," आमच्या मॅडम म्हणाल्या. "खेळणाऱ्या मुलींना एखादा विक्षिप्तही लागतो." मी म्हटलं, मी लिहिते. नावडत्या राणीचा मुलगा केला त्याला. झाडावर जेवणारा. बारा महिने छत्री घेऊन फिरणारा. चित्रं काढणारा पोरगा मला म्हणाला, "आटपाट नगरात छत्री कशी असेल?" मी त्याच्यावर खेकसले, "बोलणारा पोपट चालतो, उडता घोडा चालतो, आणि छत्री तेवढी चालत नाही होय रे?" काढली बिचाऱ्याने छत्री.

गोष्टीत तो पहिल्यांदा येतो तो झाडावरून उतरून. नमस्कार नाही, चमत्कार नाही, माळ्याच्या मुलीला विचारतो, "आज कुणाशी भांडलीस?" खाली तीन उत्तरं येतात. कुणाशीच नाही. सगळ्यांशी. तुझ्याशी. पुढे दरबारात सुनांची परीक्षा असते. मुलीने चालून दाखवायचं, वाचून दाखवायचं. ती दाखवते, आणि मग नावडतीचा लेक उठून म्हणतो, आता माझी पाळी. सगळा दरबार फिदीफिदी हसतो. गोष्ट थांबून विचारते, तू काय करशील?

आणि सगळ्यात शेवटी मंतरलेला रस्ता. राक्षसिणीची अट अशी, की सरळ पुढे चालायचं. मागे वळून पाहिलंस तर दगड होशील. माळ्याची मुलगी पुढे, राजपुत्र मागून दहा पावलांवर. वेशीपाशी गोष्ट थांबते. पुढे चालत राहा, की मागे वळून बघा? पुढे चालत राहिलं, तर ती एकटीच नगरात पोचते, तो पोचत नाही. आणि मागे वळलं तर? तर मी लिहिलं होतं की ती दगड होत नाही, अट खोटी असते, पण रस्ता रिकामा असतो. तो आधीच गेलेला असतो.

"अगं, एवढं वाईट?" मॅडम म्हणाल्या. "एक तरी गोड शेवट दे." मी नंतर देते म्हणाले. पण त्याला निवडणाऱ्या मुली थोड्याच निघाल्या, सगळ्यांचं सेनापतीवर मन बसलं, आणि तो विषय मागे पडला. गोड शेवट मला लिहायचाच नव्हता. ते दोन्ही शेवट मी एकाच माणसाला उद्देशून लिहिले होते. तो माणूस ते कधी वाचणार नाही याची मला खात्री होती, म्हणून तर लिहिता आले.

झालं काय, की दिवाळीच्या आधी ऑफिसातून फर्मान निघालं. प्रत्येकाने घरच्यांच्या फोनवर खेळ टाकायचा आणि पाच तारे द्यायचे. मी पाडव्याला अण्णांच्या फोनवर टाकला, तारे दिले, आणि काढून टाकायचा राहिला. घाईत राहिला. मला पुण्याची गाडी गाठायची होती.

चार दिवसांनी फोन आला. अण्णा स्वतःहून कधी फोन करत नाहीत, त्यामुळे आईला काही झालं की काय म्हणून मी घाईघाईने उचलला.

"त्या तुझ्या खेळात एक पोरगं हाय," अण्णा म्हणाले. "झाडावरनं उतरतंय."

मी म्हटलं, "हां."

"आन इचारतंय, आज कुणाशी भांडलीस."

"हां, अण्णा."

मागे कोंबड्यांचा कालवा चालला होता. मग म्हणाले, "त्येला काय उत्तर देऊ?"

"तुम्हाला वाटेल ते द्या."

"कुणाशीच न्हाई, आसं देतो. चांगल्या घरच्या पोरीनं भांडू नाही." आणि फोन ठेवला.

तिथून सुरू झालं ते. हा भाऊच आहे, असं त्यांनी एकदाही म्हटलं नाही, मीही म्हटलं नाही. फोन यायचे ते नुसते खेळाबद्दल. "सेनापती लई चांगला माणूस हाय गं, घरदार बघूनच कळतंय. पर म्या त्येला न्हाई घेतलं." दरबाराच्या परीक्षेत पहिल्या वेळी त्यांनी काय उत्तर द्यावं? मी तिथे तीन उत्तरं ठेवली होती, टाळ्या वाजव, मान खाली घाल, आणि "बस खाली, लोक बघतायत." अण्णांनी तिसरं दिलं. राजपुत्र छत्री उचलून निघून गेला आणि खेळ तिथेच संपला.

"कावून गेला?" अण्णांनी मला विचारलं. "म्या काय वंगाळ बोललो? लोक बघतच हुते की."

मी दात-ओठ खात होते. म्हटलं, "तुम्हीच विचार करा."

त्यांनी केला. दुसऱ्या वेळी मान खाली घातली, तरी गेला. तिसऱ्या वेळी टाळ्या वाजवल्या. आणि त्या दिवशी मला फोन करून लहान मुलासारखं सांगितलं, "ऱ्हायला! ह्या वक्ताला ऱ्हायला!" मी ऑफिसच्या जिन्यात जाऊन रडले. त्यात प्रेम किती होतं आणि राग किती, मला विचारू नका. टाळ्या वाजवायला शिकायला सात वर्षं लागली ह्या माणसाला, असं मनात येत होतं आणि थांबत नव्हतं.

असं एकेक उत्तर शिकत ते रस्त्यापर्यंत आले. आणि तिथे अडकले. प्रत्येक वेळी पुढे चालत राहा. प्रत्येक वेळी ती एकटी पोचायची. पुन्हा पहिल्यापासून. मी विचारलं, "'मागे वळून बघा'वर का नाही बोट ठेवत?"

"दगड हुईल म्हणतंय की. परक्याची लेक हाय, तिला उगं..." मग म्हणाले, "मागं बघितलं तर ऱ्हातो का गं त्यो? तूच लिवलंय ना?"

त्या वेळी मी सांगायला हवं होतं. मी म्हटलं, "खेळून बघा." आणि फोन ठेवला. एवढी मी वाईट आहे.

आता सगळं सांगतेच आहे तर हेही सांगते. मघाशी मी म्हटलं की घाटनांदूरहून परतताना जीपमध्ये कुणी काही बोललं नाही. ते खोटं आहे. मी बोलले. भाऊ माझ्या शेजारीच बसला होता, मांडीवर छत्री. मी त्याला सगळ्यांसमोर म्हणाले, "जरा माणसासारखं वाग की रे. तुझ्यापायी आम्हाला खाली बघावं लागतं." तो माझ्याकडे बघून जरासा हसला आणि खिडकीबाहेर बघायला लागला. त्या दिवशी घरी पोचल्यावर त्याने मला विचारलं नाही, आज कुणाशी भांडलीस. त्याला ठाऊक होतं. अण्णांनी जे दारात म्हटलं ते मी त्यांच्या आठ दिवस आधी जीपमध्ये म्हटलं होतं, आणि सात वर्षं मी सगळा दोष त्यांच्या टोपीवर ठेवून मोकळी झाले होते.

गेल्या जानेवारीत रजा काढून गावी गेले. ठरवून गेले, की समोर बसून सांगायचं, अण्णा, असा शेवट नाहीये, शोधू नका. दुपारी तीनचा सुमार. आई ओट्यावर तूर पाखडत होती. अण्णा कडुलिंबाखाली बाजेवर होते, त्या दिवशी मात्र भिंतीकडे पाठ करून. मला बघून सरकले.

"बस इथं. बरं झालं आलीस. आज मागं बघतो."

"थांबा अण्णा, आधी माझं ऐका."

पण त्यांचा अंगठा पडद्यावर गेलाच होता. कुदळीने कडक झालेला अंगठा, पहिल्यांदा फोनला लागलाच नाही. दुसऱ्यांदाही नाही. मी फोन ओढून घ्यायला हात पुढे केला, तेवढ्यात त्यांनी अंगठा सदऱ्याला पुसला आणि तिसऱ्यांदा दाबला. लागला.

पेपर वाचतात तसं मोठ्याने, एकेक शब्द सुटा करत त्यांनी वाचलं. "तू मागे वळलीस. काहीच झालं नाही. तू दगड झाली नाहीस. अट खोटी होती. पण रस्ता रिकामा होता."

आईचं सूप थांबलं. तिला सगळं ऐकू जात होतं.

"बरुबर लिवलंस," अण्णा म्हणाले. आवाज साधा होता. "पर अगदीच रिकामा नव्हता बाई. छत्री हुती. कडंला पडलेली. बंदच हुती."

तेव्हा सात वर्षांचं माझ्या तोंडून बाहेर पडलं. "अण्णा, तुम्ही मागं का नाही हो बघितलं?"

ते माझ्याकडे असे बघायला लागले, जणू मीच काहीतरी येड्यासारखं विचारलंय.

"रोज बघायचो की गं. तुला काय वाटलं, तीन महिने पोरगं मागनं चाललंय आन बापाला दिसत न्हाई? थुंकायच्या निमित्तानं बघायचो. चप्पल झाडायच्या निमित्तानं बघायचो. छत्रीचं टोक दिसलं की पुढं चालायचो."

"मग त्या दिवशी?"

"त्या दिवशी ठरवलं हुतं, फाट्यावर थांबायचं, आन म्हणायचं, चल बाबा, संगं चल. पर म्हणावं कसं? बापानं पोराची माफी मागायची म्हंजी पयला शबुद कोणता बोलायचा, त्येच जुळवत चाललो हुतो. मान खाली घालून." त्यांनी टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. अंगणात, दिवसाढवळ्या, टोपी काढलेले अण्णा मी कधी बघितले नव्हते. "तेवढा येकच दिवस न्हाई बघितलं."

मी त्यांच्या खांद्यावर डोकं ठेवून रडले. मोठ्याने रडले, शेजारच्या बाया डोकावल्या तरी. जीपमधलं सगळं त्यांना सांगितलं. ते म्हणाले, "ठाव हाय. म्या पुढंच बसलो हुतो की." आणि "जाऊ दे" म्हणाले नाहीत.

"मी नवा शेवट लिहिते अण्णा," मी नाक पुसत म्हटलं. "मॅडमना सांगते. त्यात तो राहील. वेशीतून दोघं बरोबर जातील."

"नको." लगेच म्हणाले. "उगं खोटं कशाला? वाचणाऱ्याला कळतंय."

मग टोपी घातली, चष्मा नीट केला आणि खेळ पुन्हा पहिल्यापासून लावला.

"आता कावून?" आई ओट्यावरून म्हणाली. "शेवट तर कळला की."

"शेवटासाठी कोण खेळतंय?" अण्णा म्हणाले. "सुरवातीला झाडावरनं उतरतो ना, तेवढं बघतो."

आम्ही दोघांनी बघितलं. आधी फांदी हलली, मग पाय दिसले, मग छत्री, मग तो. त्याने विचारलं, आज कुणाशी भांडलीस? खाली तीन उत्तरं आली. अण्णा नेहमीच्या पहिल्या उत्तरापाशी अंगठा नेऊन थांबले. मग तो खाली आणला आणि "तुझ्याशी" वर ठेवला. लागला नाही. सदऱ्याला पुसून त्यांनी परत दाबला.